लॅपटॉपवर गेम खेळताना चित्र फाटतं? नाशिककरांनो, काय केल्यावर थांबलं ते लिहा

इंदिरानगर (धागाकर्ती)

गेममध्ये कॅमेरा झपकन वळवला की समोरच्या विजेच्या खांबाचे दोन तुकडे होतात. वरचा तुकडा जागेवर, खालचा बोटभर सरकलेला, मध्ये आडवी चीर. हेच टेअरिंग. पडदा चित्र वरून खाली ओळीओळीने रंगवत येतो. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० फेऱ्यांच्या) पडद्याला एका फेरीला १६.७ मिलिसेकंद लागतात, १४४ हर्ट्झच्या पडद्याला ६.९. फेरी अर्ध्यावर असताना ग्राफिक्स चिपने नवी फ्रेम (गेमचं पुढचं पूर्ण चित्र) पुढे केली की वर जुनं आणि खाली नवं चित्र दिसतं. म्हणजे प्रश्न ताकदीचा नाही, वेळेच्या मेळाचा आहे. महागड्या लॅपटॉपवरही चीर पडते ती त्यामुळेच.

‘व्हीसिंक चालू कर’ एवढ्या उत्तराने लॅपटॉपवाल्यांचं भागत नाही. (व्हीसिंक म्हणजे पडद्याची फेरी संपेपर्यंत नवी फ्रेम थांबवून ठेवणारी सेटिंग.) पडद्याला कोणती चिप जोडलेली आहे, पडदा किती हर्ट्झचा, विंडोज की लिनक्स, आणि कोणत्या एका बदलाने फरक पडला, हे कृपया लिहा. एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर कशाने थांबलं ते कळणार नाही.

सिडको, दुरुस्तीचं काम

आधी ते टेअरिंगच आहे का, ते बघा. दुकानात ‘स्क्रीन फाटते’ म्हणून येणाऱ्या मशिनांत निम्मा घोळ इथेच असतो.

चीर दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या. स्क्रीनशॉट मेमरीतल्या पूर्ण फ्रेमचा निघतो, त्यामुळे खरं टेअरिंग त्यात येत नाही. स्क्रीनशॉटमध्येही तुकडे, चौकोन किंवा भलतेच रंग दिसले तर दोष ड्रायव्हरचा किंवा ग्राफिक्स मेमरीचा आहे. सिंकच्या सेटिंग्जना हात लावून उपयोग नाही. पुरावा हवा असेल तर मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पडदा शूट करा, चीर स्वच्छ दिसते.

दुसरी खूण: चित्र स्थिर असताना टेअरिंग दिसूच शकत नाही. बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जच्या) स्क्रीनवर रेघा आहेत, किंवा झाकण हळूहळू मागेपुढे केलं की रेघा येतात-जातात, तर बिजागरीतून जाणारी डिस्प्लेची केबल ढिली झालीय किंवा चिरडलीय. ती नीट बसवावी नाहीतर बदलावी लागते. बॅटरीचा कनेक्टर काढल्याशिवाय त्या केबलला हात लावू नका, पडद्याचा बॅकलाइट उडू शकतो.

गंगापूर रोड

विंडोज ११, १४४ हर्ट्झचा पडदा. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा आणि रिफ्रेश रेट खरंच १४४ आहे का ते बघा. ड्रायव्हर नव्याने टाकल्यावर किंवा बाहेरचा मॉनिटर काढल्यावर तो ६० वर जाऊन बसलेला असू शकतो. पडदा ६० वर आणि गेम सेकंदाला १२० फ्रेम ओततोय, मग चिरा पडणारच.

वीज गेली की आणखी एक गोष्ट घडते. काही लॅपटॉप बॅटरीवर जाताच पडद्याचे हर्ट्झ आपोआप उतरवतात, आणि वीज आल्यावर चालू असलेल्या गेमला ते नीट कळतंच असं नाही. गेममध्ये फुलस्क्रीन बंद करून पुन्हा चालू केलं की मेळ बसतो. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपचं बॅटरी बूस्ट (बॅटरी वाचवायची सोय) चालू असेल तर बॅटरीवर फ्रेम ३० वर अडकू शकतात. ते टेअरिंग नव्हे, पण तक्रार तीच येते.

व्हीसिंक एकाच ठिकाणी चालू करा: एकतर गेममध्ये, नाहीतर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या मॅनेज थ्रीडी सेटिंग्जमध्ये. एएमडीच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनमध्ये त्याचं नाव ‘वेट फॉर व्हर्टिकल रिफ्रेश’ आहे. तिथे ‘ऑफ, अनलेस अ‍ॅप्लिकेशन स्पेसिफाइज’ असेल तर गेमचं ऐकलं जातं. गेममध्ये पर्यायच नसेल तर ‘ऑलवेज ऑन’ करा.

कॉलेज रोड

बऱ्याच जणांचं इथे अडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन चिपांच्या लॅपटॉपमध्ये पडद्याची वायर बहुधा प्रोसेसरमधल्या इंटेल किंवा एएमडी ग्राफिक्सला जोडलेली असते. एनव्हिडियाची चिप फ्रेम तयार करते, ती फ्रेम आतल्या चिपच्या मेमरीत उतरवली जाते, आणि तिथून पडद्यावर जाते. एनव्हिडियाने २०१० मध्ये आणलेलं ऑप्टिमस ते हेच. ओळखायची खूण: एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘डिस्प्ले’ हा विभागच दिसत नाही. अशा मशिनवर जीसिंकचा (पडद्याचा वेग फ्रेमच्या वेगाशी जुळवणाऱ्या एनव्हिडियाच्या सोयीचा) पर्याय शोधत बसू नका, तो तिथे येणारच नाही.

मशिनमध्ये मक्स स्विच (पडदा कोणत्या चिपला जोडायचा ते बदलणारा) असेल तर बायोसमधून किंवा कंपनीच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमधून ‘डिस्क्रीट’ निवडा आणि रीस्टार्ट करा. आता पडदा थेट एनव्हिडियाला जोडला जातो. ‘डिस्प्ले’ विभाग दिसू लागतो, आणि पडद्याची सोय असेल तर जीसिंकही. बॅटरी मात्र लवकर उतरते, म्हणून घरी चार्जर लावून खेळतानाच हे ठेवा. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्टिमस असलेल्या मशिनमध्ये ही अदलाबदल रीस्टार्टशिवाय होते.

जीसिंक मिळालं की अशी मांडणी करा: जीसिंक चालू, कंट्रोल पॅनेलमध्ये व्हीसिंक चालू, गेममधलं व्हीसिंक बंद, आणि ‘मॅक्स फ्रेम रेट’ पडद्याच्या हर्ट्झपेक्षा ३ ने कमी. १४४ ला १४१, १६५ ला १६२. जीसिंक असताना व्हीसिंक कशाला? एखादी फ्रेम ठरल्यापेक्षा लवकर तयार झाली तर ती पडद्याच्या कमाल वेगापुढे जाते आणि तळाशी बारीक चीर पडते. ती तेवढी व्हीसिंक अडवतं. गेममध्ये रिफ्लेक्स (बटण दाबणं आणि चित्र यांतला उशीर कमी करणारी एनव्हिडियाची सोय) चालू असेल तर तेच १४४ च्या पडद्यावर फ्रेम १३८ ला थांबवतं, वेगळी मर्यादा लागत नाही.

मक्स नसेल तर बॉर्डरलेस विंडो करून बघा. तिथे चित्र विंडोजच्या डेस्कटॉपमधून जुळवून येतं, म्हणून सहसा फाटत नाही. माउसला किंचित जडपणा येतो. गोष्टीच्या गेमला तो चालतो, नेमबाजीच्या गेममध्ये बोटांना जाणवतो.

देवळाली कॅम्प

फ्रीसिंक (जीसिंकसारखीच एएमडीची सोय) असलेल्या ६० हर्ट्झच्या पडद्यांबद्दल एक भर. ती ज्या वेगांत चालते तो पट्टा ४८ ते ६० असेल तर फ्रेम ४८ च्या खाली गेली की फ्रीसिंक सुटतं आणि चिरा परत येतात. कमी वेगाला तीच फ्रेम दोनदा दाखवून सांभाळायची सोय आहे, पण त्यासाठी कमाल वेग किमानच्या दुपटीच्या आसपास तरी लागतो. ४८ ते १४४ मध्ये ते बसतं, ४८ ते ६० मध्ये नाही. इलाज एकच: सावल्या आणि रेझोल्यूशन उतरवून फ्रेम ५० च्या वर ठेवा.

सातपूर

‘व्हीसिंक लावलं आणि गेम अचानक ३० वर आला’ याचं कारण. ६० हर्ट्झला प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार हवी. १७ लागले तरी ती गाडी चुकते आणि पुढच्या फेरीपर्यंत, म्हणजे ३३.३ पर्यंत थांबते. साध्या दोन बफरच्या (फ्रेम ठेवायच्या दोन जागांच्या) व्हीसिंकमध्ये म्हणून ५८ ची थेट ३० होते. गेममध्ये ट्रिपल बफरिंग असेल तर चालू करा, उडी बरीच मऊ होते.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे जास्त घडतं. खोलीच ३७-३८ अंशांवर असते, चिप तापली की स्वतःचा वेग उतरवते, आणि जानेवारीत ६० ला टिकणारा गेम ५५ वर येतो. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला, गादीवर ठेवू नका. खालचं झाकण उघडून पंख्याच्या तोंडाशी बघा: हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा नमदा बसलेला असतो, नुसती हवा मारून तो निघत नाही, चिमट्याने उचलावा लागतो. हवा मारताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, भन्नाट फिरलं तर बेअरिंग जातं.

म्हसरूळ

चीर एकाच जागी न पडता पडद्यावर हळूहळू वर किंवा खाली सरकते का? मग फ्रेम आणि हर्ट्झ जवळजवळ सारखे आहेत, पण तंतोतंत नाहीत. पडदा ५९.९४ चा आणि फ्रेमची मर्यादा ६० असेल तर फरक ०.०६, चीर सुमारे १७ सेकंदांत पूर्ण पडदाभर एक फेरी मारते. म्हणजे नुसती मर्यादा घालून टेअरिंग जात नाही, फक्त तिची चाल बदलते. व्हीसिंक चालू ठेवून रिव्हाट्यूनर या फ्रेमची मर्यादा घालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा ५९.९३ ला लावली की फ्रेम रांगेत साचत नाहीत आणि व्हीसिंकचा जडपणा बराच कमी होतो. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये दशांशासह जो आकडा दिसतो, तोच धरा.

पंचवटी, लिनक्स

लिनक्समध्ये चित्र पडद्यावर पोचवणाऱ्या दोन व्यवस्था आहेत, नवी वेलँड आणि जुनी एक्स ११. वेलँडवर डेस्कटॉप सहसा फाटत नाही. पण केडीई प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपमध्ये डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये फुलस्क्रीन विंडोंना टेअरिंगची मुभा देणारा पर्याय आहे, गेममध्ये तो नडतो. त्यापुढची टिक काढून टाका.

एक्स ११ वर एएमडी असेल तर ड्रायव्हरमधला ‘टेअरफ्री’ पर्याय चालू करा. इंटेल अधिक एनव्हिडिया असेल तर एनव्हिडिया डीआरएम मॉड्यूलचा (ड्रायव्हरच्या एका भागाचा) ‘मोडसेट’ १ असावा लागतो. तो शून्य असेल तर दोन चिपांमधला मेळच बसत नाही आणि गेममधलं व्हीसिंक चालू करूनही चिरा राहतात. उबंटूवर बदलानंतर इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना लागणारी फाइल) पुन्हा बांधा आणि रीस्टार्ट करा.

नाशिक रोड

टीव्हीला जोडून खेळणाऱ्यांसाठी. लॅपटॉपचा पडदा आणि टीव्ही दोन्हीवर तेच चित्र ठेवलं असेल तर सिंक एकाच्याच वेळेशी होतो, दुसरा फाटतो. विंडोजचं बटण आणि पी दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ घ्या.

इंदिरानगर (धागाकर्ती)

@नाशिक रोड, लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट कोणत्या चिपला जोडलाय, ते मशीन न उघडता कळतं का?

कॉलेज रोड

कळतं. केबल लावा आणि एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स’ उघडा. कोणता पडदा कोणत्या चिपला लागलाय, याचं चित्रच तिथे असतं. टीव्ही एनव्हिडियाखाली दिसला तर मक्स नसलेल्या लॅपटॉपवरही ‘डिस्प्ले’ विभाग उघडतो. मॉनिटरला जीसिंक चालत असेल तर यूएसबी सी पोर्टही असाच तपासा, काही मशिनांत एचडीएमआय एका चिपला आणि यूएसबी सी दुसऱ्या चिपला असतो.