बोहारणीला न दिलेली साडी

काल माळा काढला. बोहारीण दारात, सहा साड्यांना मोठं पातेलं ठरलं, आणि गाठोड्यात आजीची इरकल निघाली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, शनिवार पेठेतलं घर बुडालं, ट्रंका गेल्या, अंगावरची ही नऊवारी तेवढी राहिली. पदराचं टोक अजून चुरगळलेलं आहे, त्यात ती सुट्टे पैसे बांधायची. मी साडी परत ओढून घेतली तर बोहारीण म्हणे मग छोटं पातेलं ताई. चालेल म्हटलं.
तुमच्याकडे काय आहे असं, जे देववत नाही?

*पेठकरीण:* अगं घासाघीस करायची ना!! आमच्याकडे चार साड्यांत डबा येतो झाकणाचा

*तिळगूळ:* चंद्रकळा. पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी दिली, मी तोंड वाकडं केलेलं, काळी काय, लक्ष्मी रोडला जाऊन माझी मी घेते म्हणून. आता त्या नाहीत. दर जानेवारीत काढते, घडी बदलते, नेसायचा धीर होत नाही अजून आणि.. कुकर झाला, येते

*उंबरठा:* माझी जीन्स आहे, चालेल ना? हॉस्टेलला घेतलेली पहिली. सुट्टीत गावी जाताना शिवाजीनगर स्टँडच्या टॉयलेटमध्ये पंजाबी ड्रेस घालून मग एसटीत बसायचे, जीन्स बॅगेत तळाला. एकदा आईने बॅग उपसली. बोलली काहीच नाही, धुतली आणि वाळत घातली, पण आतल्या दोरीवर, स्वतःच्या लुगड्याच्या मागे. अण्णांना दिसू नये म्हणून. आता कंबरेत जात नाही पण फेकवत नाही

*पेठकरीण:* रडवलंस गं सकाळी सकाळी

*सुईदोरा:* इरकलवाल्या ताई, डांबरगोळ्या नका ठेवू हां, लवंगा ठेवा. इरकलचा पदर रेशमी, वेगळ्या ताण्याचा, मागावर धाग्यात धागा अडकवून अंगाला जोडतात, त्या जोडावर घडी घालू नका

*तिळगूळ:* आले. कोथरूडमध्ये गोधडी कोण शिवून देतं का? आईच्या सुती साड्या आहेत, माझ्याच्याने कापवत नाहीत, दुसऱ्या कोणी कापल्या तर चालेल

*सुईदोरा:* आमच्या मावशींची सासू शिवते, विचारते. कापायच्या कशाला, अख्ख्याच थर घालून टाके मारतात की

*तिळगूळ:* अय्या हो का!! मग देते

*धागाकर्ती:* सगळ्यांचं वाचतेय, उत्तरं रात्री. आत्ता दूध उतू गेलं, पातेलं खरंच फार छोटं आहे