लिटल मॉर्टन हॉल वाकडा का?

कुणी म्हणतं, इंग्लंडमधल्या चेशरचा लिटल मॉर्टन हॉल हा जुना लाकडी सांगाड्याचा वाडा जमीन खचल्यामुळे वाकडा झाला. मला तरी खरी दोषी सगळ्यात वरच्या मजल्यावरची लांबलचक गॅलरी वाटते. खालचं बांधकाम आधीच उभं होतं, त्यावर ती चढवली आणि छपराला घातल्या जाडजूड दगडी फरशा! त्या भाराने खालच्या ओकच्या भिंती फुगल्या, वाकल्या. तरी सांगाडा टिकला, कारण एका तुळईचं टोक दुसरीच्या खाचेत बसवून लाकडी खुंट्या ठोकल्यात. सांधे हलतात, पण निसटत नाहीत. अंगणाकडच्या खिडक्यांवर मालक विल्यम मॉर्टनसोबत सुतार रिचर्ड डेलचंही नाव कोरलंय, साल १५५९. सुताराला एवढा मान क्वचितच! बाकी अशा घरांचा काळी लाकडं-पांढऱ्या भिंती हा थाट बराचसा व्हिक्टोरियन काळातला, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला. मुळात ओक बहुधा न रंगवताच ठेवत, तो हळूहळू करडा पडे.