चाळीस प्रश्नावल्या आणि काय-स्क्वेअर चाचणी : प्रकल्पासाठी मार्गदर्शन हवे

प्रश्न :
मी एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चोपडा तालुक्यातील दोन गावांच्या केळी उत्पादकांचे विक्रीबाबतचे समाधान हा माझा विषय आहे. ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीबरोबर बागांमध्ये जाऊन मी ४० प्रश्नावल्या भरून घेतल्या. जमिनीच्या क्षेत्राचे तीन गट आणि समाधानाच्या पाच पायऱ्या असा तक्ता करून काय-स्क्वेअर चाचणी (दोन गोष्टींचा परस्परसंबंध आहे का, हे तपासणारी) लावली, तर सॉफ्टवेअर इशारा दाखवते. मार्गदर्शक म्हणतात, ३८५ जण हवेत. मैत्रीण म्हणते, ३० पुरतात. मी कोणाचे ऐकावे आणि कोणती चाचणी लावावी?

प्रतिसाद १ :
इशारा रास्त आहे. तीन गुणिले पाच म्हणजे १५ चौकटी. त्यांत ४० माणसे वाटली की चौकटीमागे सरासरी तीनही येत नाहीत. कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडलेली ही चाचणी अपेक्षित वारंवारता (संबंध नसता तर चौकटीत जितकी माणसे यावीत ती संख्या) साधारण पाचच्या खाली गेली की विश्वसनीय राहत नाही. अर्थ टिकत असेल तर गट एकत्र करावेत. दोन गुणिले दोनचा तक्ता उरला आणि संख्या तरीही लहान असली, तर फिशरची अचूक चाचणी वापरावी. ३८५ हा आकडा ९५ टक्के विश्वासपातळी, पाच टक्के त्रुटी आणि निम्मे-निम्मे प्रमाण धरून, अतिशय मोठ्या समूहासाठी निघतो. आपल्या दोन गावांत उत्पादकच २२० असतील, तर मर्यादित समूहाची दुरुस्ती लावल्यावर तो सुमारे १४० वर येतो. मैत्रिणीचा ३० हा आकडा सरासरीच्या वितरणासंबंधीचा ढोबळ संकेत आहे, पाहणीच्या नमुन्याचा नियम नव्हे.

प्रतिसाद २ :
ताई, चाचणीचे राहू द्या. मला त्या गाडीची चिंता वाटते. ज्याच्या तराजूवर माल चढतो आहे, तो व्यापारी दहा पावलांवर उभा असताना शेतकरी 'असमाधानी'वर खूण करील का? शिवाय त्या दिवशी ज्यांची कापणी होती तेवढेच आपल्याला भेटले, म्हणजे ज्यांनी त्या व्यापाऱ्याशी व्यवहार तोडला आहे ते आपोआप गळाले. असे ४०० जण गाठले तरी हा दोष जात नाही, उलट चुकीचे उत्तर अधिक ठाम दिसू लागते. तलाठ्याकडील पीकपाहणीच्या नोंदींवरून केळी लावणाऱ्यांची यादी करावी, चिठ्ठ्या टाकून नावे काढावीत आणि त्यांना संध्याकाळी घरी भेटावे.

आणखी एक. आमच्याकडे पाहुण्याला "बरं शे" (बरे आहे) म्हणणे हा शिष्टाचार आहे. प्रश्नावलीत त्याची तीन किंवा चार गुणांवर खूण होते. त्याऐवजी "मागच्या कापणीत जाहीर भावापेक्षा क्विंटलमागे किती रुपये कमी किंवा जास्त मिळाले?" आणि "पैसे किती दिवसांनी हातात आले?" असे विचारावे. रुपये आणि दिवस मोजता येतात. 'समाधानी' आणि 'अतिशय समाधानी' यांतील अंतर किती, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच एका विधानाच्या गुणांची सरासरी काढण्यापेक्षा मध्यक (उत्तरे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे) देणे बरे.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही आभार. प्रश्नावल्या पुन्हा चाळल्या : ४० पैकी ३१ जणांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत चारवरच खूण केली आहे. त्या पूर्वचाचणी म्हणून परिशिष्टात देते. सोमवारी तलाठी कार्यालयात जाते.