रात्रपाळी, मेलाटोनिन आणि कॅन्सर : गोळी कामगारानं खायची की पाळी कंपनीनं बदलायची?

शिरोलीवाला
मंडळी, तुमची मतं पाहिजेत, माझं आधीच सांगून टाकतो. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, तिकडं गोकुळ शिरगावला, कागलला फौंड्र्या आणि मशीन शॉप रात्रभर चालतात, आठवड्याला पाळी फिरते, आणि आता पोरं झोप लागत नाही म्हणून मेलाटोनिनच्या, म्हणजे झोपेच्या हार्मोनच्या, गोळ्या ऑनलाईन मागवाय लागलीत. कुणीतरी रील फिरवलंय की मेलाटोनिननं कॅन्सर पण टळतो. माझं म्हणणं, रात्रपाळीचा धोका खरा आहे पण तो गोळीनं मिटत नाही, जो पाळी लावतो त्यानं तो कमी केला पाहिजे.

डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था आहे, आयएआरसी. तिनं २००७ लाच सांगितलं की शरीराचं घड्याळ बिघडवणारी शिफ्ट ड्युटी माणसात बहुधा कॅन्सर करते, म्हणजे गट २ए. २०१९ ला सगळे अभ्यास परत तपासले, तरी रात्रपाळी त्याच गटात राहिली. डेन्मार्कनं वर्षानुवर्षं नाईट करून ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या काही बायकांना नुकसानभरपाई पण दिली. आपल्याकडं हेल्मेट, गॉगल, सेफ्टी शूज मिळतात, रात्रीबद्दल कोण अवाक्षर काढत नाही.

उद्यमनगरी
भावा, तळमळ कळली पण अर्धंच सांगितलंस. त्याच संस्थेनं २०१५ ला रेड मीट पण २ए मध्येच टाकलंय, आणि त्यात आपलं बकऱ्याचं मटण येतं. मग कोल्हापुरात तांबडा-पांढरा बंद करायचा का? गट सांगतो पुरावा किती पक्का आहे, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. ब्रिटनमध्ये लाखो बायकांवरचा अभ्यास २०१६ ला आला, त्यात रात्रपाळी आणि ब्रेस्ट कॅन्सरचा संबंध दिसलाच नाही. आणि कॅन्सरचीच काळजी असेल तर शिफ्टला जाताना गेटबाहेर मावा चोळणाऱ्यांना आधी धर की, तंबाखूबद्दल कुणाच्याच मनात शंका नाही. नाईटच्या भत्त्यावर घराचे हप्ते चाललेत लोकांचे, त्यांना उगं घाबरवू नको.

लॅबवाली
उद्यमनगरी दादा, गटाचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण त्या ब्रिटनच्या अभ्यासात बऱ्याच बायकांना साठी उलटल्यावर विचारलं होतं, चालू नोकरीत नाईट करणाऱ्या त्यात कमीच, त्यामुळे त्यावर टीका पण झाली. अमेरिकेतल्या नर्सेसच्या अभ्यासात (२००१) ३० वर्षं किंवा जास्त फिरती नाईट केलेल्यांमध्ये ब्रेस्ट कॅन्सर ३६ टक्के जास्त निघाला. ३० वर्षं हे लक्षात ठेवा, दोन-तीन वर्षं नाईट केलेल्यानं घाबरायचं कारण नाही.

आता मेलाटोनिन. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी ते सोडते, मध्यरात्रीनंतर ते सगळ्यात जास्त असतं, आणि डोळ्यावर उजेड पडला, त्यात निळसर पांढरा एलईडी असला तर जास्तच, की ते दबतं. २००५ ला अमेरिकेत एक प्रयोग झाला. बायकांचं रक्त तीन वेळेला घेतलं, दिवसा, रात्री अंधारात, आणि रात्रीच पण झगझगीत उजेडात बसवून. माणसाच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या गाठी उंदरांत वाढवल्या होत्या, त्यांतून ते रक्त फिरवलं. अंधारातल्या रक्तानं गाठीची वाढ मंदावली, उजेडातल्यानं मंदावली नाही. मला अजून तो वाचला की अंगावर काटा येतो.

पण म्हणून गोळी? कॅनडात फुफ्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या ७०९ पेशंटवर चाचणी झाली, निम्म्यांना वर्षभर रोज रात्री २० मिलिग्रॅम मेलाटोनिन, निम्म्यांना नुसती औषध नसलेली गोळी. दोन वर्षांनी बघितलं तर कॅन्सर परत यायचं प्रमाण कमी झालेलं नव्हतं. ते रील ज्यांनी बघितलंय त्यांना हे पाठवा.

नाईटवाली सिस्टर
ताई पटलं, पण मेलाटोनिनला सरसकट नावं नका ठेवू. मी डॉक्टरांच्या सल्ल्यानं नाईट संपल्यावर दिवसा झोपायला थोडं घेते, मला फरक पडतो. झोपेसाठी वेगळं, कॅन्सरसाठी वेगळं. फक्त ऑनलाईन गमी (मेलाटोनिनच्या चघळायच्या गोळ्या) घेऊ नका, अमेरिकेत २०२३ ला २५ ब्रँड तपासले तर २२ मध्ये लेबलवरचा आकडाच चुकीचा निघाला, एकात तर लेबलच्या तिपटीपेक्षा जास्त माल होता. आणि रक्त पातळ करायची औषधं चालू असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय हातच लावू नये.

ऊसकरी
सगळे कंपनी कंपनी करालाय, आमचं काय? शेतीपंपाची लाईट रात्री आली की बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जायचं, सापाविंचवात. तिथं कसली पाळी आणि कसला भत्ता, सकाळी परत जनावरांच्या धारा काढायच्या. शिरोलीवाले, तुमच्या हिशेबात पाळी लावणारा कंपनीवाला, आमची पाळी लाईटचं वेळापत्रक लावतंय. कॅन्सरचं राहू दे, दिवसा लाईट द्या ही मागणी तुमच्या मागणीत घाला, मग मी तुमच्या बाजूनं.

शिरोलीवाला
घातली, शंभर टक्के. आणि उद्यमनगरी, भत्ता बंद करा असं मी कुठंच म्हणलो नाही. शिफ्टवर अभ्यास करणाऱ्यांनी २०२० ला शिफारशी दिल्यात, सलग ३ पेक्षा जास्त नाईट नको, दोन पाळ्यांच्या मधे निदान ११ तास, एक पाळी ९ तासांच्या वर नको. आमच्याकडं सलग सहा नाईट, त्यात रिलीव्हर (पुढच्या पाळीचा माणूस) आला नाही की डबल. पाळी फिरवायची पण फर्स्ट, सेकंड, थर्ड अशीच पुढं फिरवावी, कारण शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा थोडं लांब चालतं, त्याला पुढं सरकणं सोपं जातं, उलटं फिरवलं की हाल.

उद्यमनगरी
पुढं फिरवायला पैसा लागत नाही, ते मला पण मान्य. पण तीनच नाईट म्हणलास तर माणसं जास्त लागणार, आणि आमच्यासारख्या दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपनं ती कुठनं आणायची? भट्टी एकदा तापली की रात्री बंद ठेवणं परवडत नाही. मोठ्या कंपन्या आधी करू देत, त्या जॉब वर्कचा दर वाढवून देत असतील तर मी पण करतो. आणि नाईट कमी झाल्या तर भत्ता बेसिकमध्ये घालायचा हे आधी लिहून घे, नाहीतर तुझीच पोरं तुझ्या विरोधात उभी राहतील.