विषय: ॲडजस्टरचं लायसन्स ऑन्टारिओहून अल्बर्टाला न्यायचं आहे

मिसिसागाहून, सोमवारी रात्री

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हा प्रश्न हरवू नये म्हणून विषय वेगळा काढला आहे.

ह्यांची बदली कॅल्गरीला झाली. मी इथे एका विमा कंपनीत सात वर्षं क्लेम्स ॲडजस्टर आहे, म्हणजे नुकसान बघून भरपाई ठरवते. सुरुवातीला गाड्यांचे क्लेम केले, गेली तीन वर्षं घरांचे करते. सीआयपीचे, म्हणजे विम्याच्या व्यावसायिक परीक्षेचे, दहाही पेपर झालेत. कॅल्गरीतल्या एका इंडिपेंडंट ॲडजस्टिंग फर्मची, म्हणजे विमा कंपन्यांचे क्लेम बाहेरून बघणाऱ्या फर्मची, ऑफर हातात आहे. त्यांच्या एचआरने लिहिलंय की ऑन्टारिओचं लायसन्स अल्बर्टाला ट्रान्सफर करून घ्या आणि कॉपी पाठवा.

हा ट्रान्सफरचा अर्ज कुठे करायचा, इथल्या ऑफिसात की तिकडच्या? इथलं लायसन्स आधी बंद करावं लागतं का? मुलीची शाळा सप्टेंबरात सुरू होईल, म्हणून ऑगस्टपर्यंत सगळं उरकायचं आहे. कोणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.


एडमंटनहून, सोमवारी रात्री

ताई, काही काळजी करू नका. लेबर मोबिलिटीचा नियम आहे, एका प्रांताचं लायसन्स दुसऱ्याने मानायचंच. मी ॲडजस्टर नाही, ब्रोकर आहे, पण बीसीहून (ब्रिटिश कोलंबियाहून) इकडे आलो तेव्हा मला परत परीक्षा द्यावी लागली नाही. अर्ज, फी आणि पोलिसांचा दाखला एवढ्यावर काम झालं. तुमचंही होईल.


कॅल्गरीहून, मंगळवारी सकाळी

नमस्कार,

एडमंटनच्या दादांनी सांगितलेला नियम बरोबर आहे, पण ताई, तो तुम्हाला लागू होतो का हे आधी बघायला हवं. मी अठरा वर्षं इंडिपेंडंट ॲडजस्टर आहे, त्यातली पहिली काही ऑन्टारिओत काढली. तुमच्या मेलमधल्या एका वाक्यावर माझी नजर अडली: "इथे एका विमा कंपनीत सात वर्षं".

ऑन्टारिओत विमा कंपनीच्या पगारावर काम करणाऱ्या ॲडजस्टरला लायसन्स लागत नाही. इंडिपेंडंट फर्मकडून काम करणाऱ्यालाच ते लागतं आणि ते एफएसआरए, म्हणजे ऑन्टारिओचं वित्तीय नियामक ऑफिस, देतं. म्हणजे तुमच्याकडे बहुतेक लायसन्स नसेलच. भिंतीवर लावलेलं सीआयपी ही पदवी झाली. ती कॅनडाभर मानतात, पण तिच्यावर ॲडजस्टर म्हणून सही करण्याचा अधिकार मिळत नाही. रीबोचा, म्हणजे ऑन्टारिओच्या ब्रोकरांच्या नियामक संस्थेचा, काही कागद असेल तर तो ब्रोकरचा, त्याचाही इथे उपयोग नाही. एफएसआरएच्या साइटवर लायसन्सधारकांची यादी सगळ्यांना बघता येते. आजच त्यात तुमचं नाव शोधा.

आता "ट्रान्सफर" या शब्दाबद्दल, कारण या शब्दानेच माझं नुकसान केलं होतं.

लायसन्स एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जात नाही. विम्याचं लायसन्स देणं हा प्रत्येक प्रांताचा आपला अधिकार आहे. ऑन्टारिओत एफएसआरए, अल्बर्टात अल्बर्टा इन्शुरन्स काउन्सिल, बीसीत तिथली इन्शुरन्स काउन्सिल, क्यूबेकमध्ये एएमएफ. नवा प्रांत तुम्हाला नवं लायसन्सच देतो, फक्त जुन्याकडे बघून देतो. १ जुलै २०१७ पासून कॅनेडियन फ्री ट्रेड अग्रीमेंट लागू आहे, त्याआधी १९९५ पासून दुसरा करार होता. दोन्हींत तत्त्व हेच: एका प्रांताने परवानगी दिलेल्या माणसाला दुसऱ्याने पुन्हा शिकायला, परीक्षेला, अनुभवाच्या अटींना बसवू नये. मागायचंच तर फी, पोलीस तपासणी, विम्याचा किंवा बाँडचा पुरावा, स्थानिक कायदा माहीत असल्याची खात्री आणि जुन्या ऑफिसचं पत्र, एवढं मागता येतं. जुन्या लायसन्सवर काही अट असेल, उदाहरणार्थ देखरेखीखाली काम करण्याची, तर नवा प्रांत तीच अट पुढे चालू ठेवू शकतो.

त्या पत्राला लेटर ऑफ गुड स्टँडिंग म्हणतात. आपल्या शाळेत दोन कागद मिळायचे, आठवतं? एक बोनाफाईड, म्हणजे हा मुलगा आज आमच्या शाळेत शिकतो आहे. दुसरं लिव्हिंग, म्हणजे हा आमच्याकडून गेला. इथे लागतं ते बोनाफाईड. मी २०१३ च्या मे महिन्यात कॅल्गरीला येताना लिव्हिंग घेऊन आलो. ट्रान्सफर म्हणजे तिकडचं बंद करून इकडचं सुरू करायचं असं मी समजलो, आणि निघायच्या आधी स्वतःच्या हाताने ऑन्टारिओचं लायसन्स परत केलं. इथल्या अर्जात विचारलेलं होतं, आज तुमच्याकडे चालू लायसन्स आहे का? नव्हतं. मग मोबिलिटीचा दरवाजा बंद, आणि मी साध्या अर्जदारांच्या रांगेत.

२० जूनला बो आणि एल्बो नद्यांचं पाणी शहरात शिरलं. डाउनटाउन रिकामं केलं, सॅडलडोम स्टेडियममध्ये पाणी भरलं, जवळचं हाय रिव्हर गाव तर बुडालंच. त्या काळी इथल्या घराच्या पॉलिसीत ओव्हरलँड फ्लड, म्हणजे जमिनीवरून घरात शिरलेल्या पुराचं कव्हर, नव्हतं, ते मिळू लागलं २०१५ पासून. सिवर बॅकअपचं, म्हणजे गटाराचं पाणी उलटं वर येण्याचं, कव्हर मात्र पुष्कळांकडे होतं. त्यामुळे प्रत्येक तळघरात एकच प्रश्न: पाणी गटारातून वर आलं की दारातून आत आलं? भिंतीवरच्या पाण्याच्या रेषा, गाळाचा रंग, फ्लोअर ड्रेनच्या आसपासची घाण, हे सगळं पहिल्या काही दिवसांत बघावं लागतं. साफसफाई झाली की पुरावा गेला. हे काम मला येत होतं. फर्मला माणसं कमी पडत होती, लोक दिवसचे दिवस ॲडजस्टरची वाट बघत होते, आणि मी कागदासाठी घरी बसलो होतो. त्या पाच आठवड्यांचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून इतकं लांब लिहितो आहे.

ज्यांच्याकडे खरंच लायसन्स आहे त्यांनी नवं हातात येईपर्यंत जुनं सोडू नये, त्याची मुदतही संपू देऊ नये.


मिसिसागाहून, मंगळवारी रात्री

काका, यादीत नाव शोधलं. नाही.

सात वर्षं मी सगळ्यांना "आय ॲम अ लायसन्स्ड ॲडजस्टर" असं म्हणत नव्हते, पण मनात तसंच धरून होते. आज फर्मच्या मॅनेजरशी बोलले. ते म्हणाले, मग लेव्हल १ पासून सुरुवात होईल, वरच्या ॲडजस्टरच्या देखरेखीखाली. दीड लाख डॉलरपर्यंतच्या घरांच्या नुकसानीवर मी इथे एकटी निर्णय घेते. आता पंचविशीतल्या ट्रेनीच्या शेजारी बसायचं, हे मनाला लागलं, खोटं कशाला बोलू.

इथे आधी लायसन्स काढून मग मोबिलिटीने यावं का?


कॅल्गरीहून, बुधवारी सकाळी

ताई, मनाला लागणारच. पण वळसा घालू नका. तिथे इंडिपेंडंटचं एक दिवसही काम न करता नुसतं इकडे येण्यासाठी लायसन्स काढायचं, त्यात महिने जातील आणि ऑफरही जाईल. सरळ अल्बर्टाचा अर्ज करा, शिक्षण आणि अनुभव या बाजूने. सीआयपी आहे, त्यातले लॉस ॲडजस्टिंगचे पेपर आहेत, म्हणजे तुमची बाजू कच्ची नाही. कुठली लेव्हल द्यायची ते काउन्सिल ठरवते. एचआरने काय गृहीत धरलं होतं त्यावर ते अवलंबून नाही.

तीन गोष्टी मात्र आत्ताच करा.

कंपनी सोडायच्या आधी अनुभवाचं पत्र घ्या, आणि ते दोन ओळींचं नको. कुठल्या वर्षी कुठल्या प्रकारचे क्लेम केले, स्वतःच्या सहीने किती रकमेपर्यंत मिटवायचा अधिकार होता, साइटवर जाऊन पाहणी करत होतात की फोनवरून, हे सगळं त्यात हवं. तुम्ही आता दीड लाखांचं लिहिलंत ना, तेच वाक्य त्या पत्रात मॅनेजरच्या सहीखाली असू द्या. नोकरी सोडल्यावर असं पत्र लिहून घेणं फार अवघड जातं.

दुसरं, अर्जात "दुसऱ्या प्रांताचं लायसन्स आहे का" याचं उत्तर "नाही" असंच लिहा. एचआरने सांगितलं म्हणून "हो" लिहू नका. आपल्या धंद्यात लोकांच्या खरेखोटेपणावर आपण निर्णय देतो, त्यामुळे अर्जातली चुकीची माहिती फार जड जाते.

तिसरं, इथे सर्टिफिकेट, म्हणजे हे लायसन्सच, फर्मला बांधलेलं असतं. फर्मच्या जबाबदार प्रतिनिधीने तुमची शिफारस केली तरच ते मिळतं, आणि फर्म सोडली की ते संपतं. म्हणून एचआरला बाजूला ठेवून त्या प्रतिनिधीलाच मेल करा. शिवाय सगळी सर्टिफिकेटं ३० जूनला संपतात. तुमचं जुलैनंतर होतंय ते बरंच आहे, नाहीतर घेतल्या घेतल्या रिन्यूअलची फी भरली असतीत.

आता ट्रेनीच्या शेजारी बसण्याबद्दल. तिथला अनुभव वाया जात नाही, पण इथलं काम वेगळं आहे हेही खरं. कॅल्गरीत गारा पडतात. १३ जून २०२० ला शहराच्या ईशान्य भागात पडल्या, ५ ऑगस्ट २०२४ ला पुन्हा. तो भाग आपल्या लोकांच्या वस्तीचा. घरांची एकेक बाजू गोळ्या झाडल्यासारखी दिसत होती, व्हायनिल सायडिंगला, म्हणजे भिंतींवरच्या प्लास्टिकच्या आवरणाला, मुठीएवढी भोकं. छपरावर चढून शिंगल, म्हणजे छपरावरच्या खडीदार पट्ट्या, बघायच्या: गारेचा घाव आहे की वयाने झडलेली खडी? बोटाने दाबून कळतं, फोटोवरून कळत नाही. कितीतरी पॉलिसींमध्ये छपराची भरपाई त्याच्या वयाप्रमाणे घटते, ते घरमालकाला अंगणात उभं राहून समजावून सांगावं लागतं. मिसिसागात तुम्ही हे फारसं केलं नसेल. पहिलं वर्ष कोणीतरी शेजारी असणं मला तरी वाईट वाटत नाही.

गाड्यांचे क्लेम करणार असाल तर तेही बदललेलं आहे. ऑन्टारिओत जखमींचे फायदे वेगळ्या शेड्यूलने चालतात. इथे त्यासाठी पॉलिसीतला सेक्शन बी हा भाग आहे, आणि किरकोळ दुखापतीच्या भरपाईला २००४ पासून मर्यादा आहे. स्वतःच्या गाडीचं नुकसान स्वतःच्याच कंपनीने द्यायचं, ही ऑन्टारिओची जुनी पद्धत अल्बर्टात १ जानेवारी २०२२ ला आली. त्या एका विषयात तुम्ही इथल्या लोकांच्या पुढे असाल.


मॉन्ट्रियलहून, बुधवारी दुपारी

धाग्यात घुसते, क्षमस्व. क्यूबेकला येणाऱ्यांनी वरचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. इथे ॲडजस्टरला एक्स्पेर आँ सिनिस्त्र म्हणतात आणि विमा कंपनीत पगारावर असलात तरी एएमएफचं सर्टिफिकेट लागतं. म्हणजे ऑन्टारिओतली ताईंसारखी स्टाफ ॲडजस्टर इथे आली तर त्याच नोकरीत राहूनही अडेल. फ्रेंचशिवाय हे काम होत नाही. गाडीच्या अपघातातल्या दुखापतींचे क्लेम तर १९७८ पासून सरकारी संस्थेकडेच आहेत, त्यामुळे त्या कामाच्या आशेने येऊ नका.


ब्रॅम्प्टनहून, बुधवारी रात्री

नमस्कार काका. मी नागपूरचा, आठ महिन्यांपूर्वी आलो. तिकडे अकरा वर्षं आयआरडीएचं, म्हणजे हैदराबादच्या विमा नियामकाचं, सर्व्हेयर आणि लॉस असेसरचं लायसन्स होतं, ते अजून चालू आहे. तुम्ही म्हणता ते बोनाफाईड हैदराबादहून मागवलं तर चालेल का?


कॅल्गरीहून, गुरुवारी सकाळी

भाऊ, नाही चालणार. तो करार कॅनडातल्या प्रांतांमधला आहे, बाहेरच्या देशाच्या लायसन्सला तो लागू नाही. पण तुमचं लायसन्स तिकडे चालूच ठेवा आणि पत्रही मागवा. अनुभवाचा पुरावा म्हणून ते नोकरीच्या मुलाखतीत बोलतं.

तिकडे सर्व्हेयर कंपनीचा नोकर नसतो, ठरावीक रकमेवरच्या नुकसानीला त्याचा रिपोर्ट कायद्यानेच लागतो. विम्याच्या १९३८ च्या कायद्यातलं कलम ६४ यूएम. म्हणजे तुम्ही इथल्या भाषेत इंडिपेंडंटच होतात. मुलाखतीत हे नीट समजावून सांगा, कारण "सर्व्हेयर" म्हटलं की इथल्या माणसाला जमीन मोजणारा वाटतो. मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूटच्या परीक्षा दिल्या असतील तर मार्कलिस्ट घेऊन इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ कॅनडाला विचारा, सीआयपीचे काही पेपर सुटतात का ते. सुरुवात विमा कंपनीच्या क्लेम्स खात्यातून करा. ऑन्टारिओत त्याला लायसन्स लागत नाही हे ताईंना अडचणीचं ठरलं, तुम्हाला तेच सोयीचं आहे. पुढे प्रांत बदलायचा विचार असेल तर मात्र इंडिपेंडंटकडे जाऊन लायसन्स आधी घ्या, मग हला.


मिसिसागाहून, तीन आठवड्यांनी

काका, मंडळी,

अनुभवाचं पत्र मिळालं, दोन पानांचं. मॅनेजर आधी टाळत होते, मी कच्चा मसुदा स्वतः लिहून दिला तेव्हा सही केली. फर्मच्या प्रतिनिधींनी शिफारस केली, पोलिसांचा दाखला आला, अर्ज गेला. "नाही" असंच लिहिलं. लेव्हल १ च मिळेल असं दिसतंय. पगार त्यांनी ऑफरप्रमाणेच ठेवलाय, हे मी स्पष्ट विचारून लेखी घेतलं.

९ ऑगस्टला पोचतोय. एक शेवटचा प्रश्न: शिडी फर्म देते की आपली न्यावी लागते? इथे मला कधी लागलीच नाही.


कॅल्गरीहून, त्याच संध्याकाळी

आपली लागते, गाडीत मावेल अशी घडीची. माझ्याकडे दोन आहेत, आल्यावर एक घेऊन जा. मऊ तळव्याचे बूट मात्र तिथूनच घेऊन ये, छपरावर कडक तळवा घसरतो.