क्वीन्समधली इमारत: चार नंबरच्या तेलावरून गॅसवर

जॅक्सनहाइट्सकर:
सहा मजली को-ऑप (रहिवाशांच्या मालकीची सोसायटी), ४८ फ्लॅट, एक-पाइप स्टीम हीटिंग, म्हणजे वाफ वर आणि पाणी परत खाली एकाच पाइपातून. वर्षाला साधारण २०,००० गॅलन चार नंबरचं तेल (बॉयलरात जाळायचं जड इंधन) लागतं. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२७ पासून ते बंद. एक कंत्राटदार म्हणतो, फक्त बर्नर बदलू. दुसरा म्हणतो, कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली वाफ थंड करून तिची उष्णताही वापरणारा) घ्या. कोणाचं ऐकावं?

वाफवाला:
दुसऱ्याला तर आधी नारळ द्या. कंडेन्सिंगचा फायदा मिळायला परतीचं पाणी १३० फॅरनहाइटच्या खाली हवं. तुमच्या बॉयलरात पाणी २१२ ला उकळतंय, धूर थंड होणार कुठे?
बॉयलर धड असेल तर नुसता बर्नर चालतो, पण जुन्या बॉयलरच्या पाटीवरचा आकडा धरू नका, बहुतेक ते गरजेपेक्षा मोठेच असतात. घरोघरी जाऊन रेडिएटर मोजा. समजा बेरीज ४,००० चौरस फूट ईडीआर (रेडिएटरची उष्णता देण्याची क्षमता मोजायचं माप, वाफेवर दर चौरस फुटाला ताशी २४० बीटीयू) आली. गुणिले २४० म्हणजे ताशी ९,६०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक). पाइप तापवायला वर एक तृतीयांश धरून झाले पावणेतेरा लाख. ८० टक्के कार्यक्षमतेने बर्नरला साधारण १६ लाख, म्हणजेच ताशी १,६०० घनफूट गॅस. गॅस कंपनीकडे अर्ज करताना हाच आकडा द्या. रस्त्यातली लाइन कमी दाबाची असेल तर दाब वाढवणारा बूस्टर लागेल, तो कोटेशनमध्ये आहे का बघा.

धुराडं:
चिमणीबद्दल कोणीच बोललं नाही! गॅसच्या धुरात तेलापेक्षा वाफ जास्त. विटांच्या थंड, रुंद चिमणीत ती आतल्या आत निथळते, आम्लाने चुना खाते. जुनी काजळी सुटून तळाशी साचली की वाट बंद, आणि कार्बन मोनॉक्साइड तळघरात. म्हणून आधी काजळी काढा, कॅमेरा सोडा, मग चिमणीच्या आत स्टेनलेस स्टीलची नळी, म्हणजे लायनर. ‘आठवड्याचं काम’ म्हणणाऱ्याने हे बहुधा धरलेलंच नसतं.
बॉयलर-रूमला हवाही लागते. थेट बाहेरून घेतली तर दर ४,००० बीटीयूला १ चौरस इंच, म्हणजे १६ लाखांना प्रत्येकी ४०० चौरस इंचाची दोन भोकं, एक वर, एक खाली. थंडी वाजते म्हणून कोणीतरी त्यांत चिंध्या कोंबतोच.

जॅक्सनहाइट्सकर:
आणि तेलाची टाकी?

वाफवाला:
रिकामी करून, धुऊन, काढा किंवा भरून बंद करा. पण फूटपाथवरचा भरणीचा पाइप आधी काढा, नाहीतर काँक्रीटने बुजवा. नुसतं झाकण घट्ट केलं आणि टँकरवाला जुन्या पत्त्यावर आला, तर तेल थेट तळघराच्या फरशीवर. ११०० गॅलनपेक्षा जास्त साठा असेल तर राज्याच्या पर्यावरण खात्याकडची नोंदही बंद करावी लागते. बॉयलरच्या जुन्या वेष्टनात अ‍ॅस्बेस्टॉस आहे का, हे तोडफोडीआधी तपासा.

हिशोबी:
लोकल लॉ ९७, म्हणजे मोठ्या इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणारा शहराचा कायदा, तो पण बघा. एवढ्या तेलाचे साधारण २१८ टन कार्बन डायऑक्साइड, तेवढ्याच उष्णतेच्या गॅसचे १५४. मर्यादेवरच्या प्रत्येक टनाला वर्षाला २६८ डॉलर दंड, आणि २०३० ला मर्यादा आणखी खाली येते. मोठा बॉयलर घेण्याआधी रेडिएटरना थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोली तापली की वाफ आवरणारे) आणि मुख्य पाइपांचे एअर व्हेंट (अडकलेली हवा सोडणारे) करून घ्या, गॅसच कमी जळेल.