बाइयाला घरी बसवलं ही चूकच होती (चर्चा)

पेनल्टीस्पॉट
परवा 'सिंहगडरोड' यांनी लिहिलं होतं, "पोर्तुगालचा खरा मोठा गोलकीपर रिकार्दोच. व्हितोर बाइया बार्सेलोनात उघडा पडला आणि तिथेच संपला." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

संपला? बार्सेलोनात पहिल्याच मोसमात कप विनर्स कप जिंकला, १९९७च्या फायनलमध्ये पीएसजीला एकही गोल करू दिला नाही. मग नवे कोच व्हान खाल आले, गुडघ्याने दगा दिला, रुड हेस्प पहिला किपर झाला. जानेवारी १९९९मध्ये पोर्तोला, आपल्या जुन्या क्लबला, परतल्यावर याच 'संपलेल्या' माणसाने २००३चा यूएफा कप आणि २००४ची चॅम्पियन्स लीग जिंकली. पोर्तुगीज लीगची एकूण दहा विजेतेपदं.

आणि माझा खरा राग इथे आहे. २६ मे २००४ला तो युरोपचा विजेता होतो. सतराच दिवसांनी त्याच्याच क्लबच्या मैदानावर, द्रागांवला, पोर्तुगाल युरो कपची पहिली मॅच ग्रीसकडून २-१ हरतो. तेव्हा टीममध्ये गोलकीपर कोण? रिकार्दो, किम, मोरेरा. त्या मोसमाचा यूएफाचा सर्वोत्तम क्लब गोलकीपर ठरलेला माणूस तिसरा किपर म्हणूनसुद्धा चालत नाही! पोर्तुगालचे कोच स्कोलारींनी त्याला एकदाही बोलावलं नाही, आणि मला पटेल असं कारण आजवर कोणी दिलेलं नाही.

सिंहगडरोड
कारण मी देतो. २५ जून २००४ची पहाट. आमच्या हॉस्टेलच्या टीव्हीसमोर चाळीस पोरं, सव्वाबाराला मॅच सुरू झाली, तीन वाजत आले तरी कोणी उठेना. टायब्रेकर सडन डेथला पोचला (म्हणजे एक चुकला की संपलं), रिकार्दोने हातमोजे काढून टाकले, उघड्या हातांनी व्हॅसेलची पेनल्टी अडवली आणि पुढची स्वतः मारून इंग्लंडला घरी पाठवलं. तुमचा बाइया असता तर हे केलं असतं?

मोठ्या स्पर्धांतला बाइयाही आठवून बघा. १९९६च्या युरोत चेकच्या पोबोर्स्कीने डोक्यावरून चेंडू टाकला, तेव्हा गोलमध्ये तोच. २००२च्या वर्ल्ड कपला अमेरिकेविरुद्ध चौथ्याच मिनिटाला मॅकब्राइडचा हेडर अडवला तो थेट ओब्रायनच्या पुढ्यात. स्कोलारींनी त्याच वर्षी स्टार स्ट्रायकर रोमारिओला घरी बसवून ब्राझीलला वर्ल्ड कप जिंकून दिला होता. नावाला न भुलणारा कोच होता तो.

पेनल्टीस्पॉट
युरो २००० सोयीस्कर विसरलात. तुर्कस्तानविरुद्ध आरिफची पेनल्टी कोणी अडवली? आणि रोमारिओशिवाय कप जिंकला. बाइयाशिवाय काय जिंकलं? २००४च्या युरोची फायनल हरले, घरच्या मैदानावर. ५७वं मिनिट, कॉर्नर, ग्रीसच्या खारिस्तेआसचा हेडर, आणि तुमचा रिकार्दो पुढे आलेला, ना चेंडूपाशी ना गोललाइनवर.

पेठेतला किपर
थांब भावा, त्या गोलवर मी बोलतो. मी अकरा वर्षं गोलमध्ये उभा राहिलोय, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचला. एक पाऊल पुढे टाकलं की परत फिरता येत नाही, ते टीव्हीवर दिसत नाही. खारिस्तेआसवर मार्किंग कुणाचं होतं ते आधी बघा. सगळं किपरच्या डोक्यावर ढकलायचं ही लोकांची जुनी खोड.

त्याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध शेवटच्या मिनिटाला कॅम्पबेलचा हेडर आत गेला होता, पण टेरी रिकार्दोच्या अंगावर होता म्हणून रेफ्री मायर यांनी गोल रद्द केला. ते शंभर टक्के बरोबर होतं. तरी इंग्रज अजून रडतात.

मडगावची हवा
पात्रांव, तो गोलच होता. टेरीचा हात जरासा लागला असेल, पण रिकार्दोला चेंडू मिळणारच नव्हता. हल्ली किपरला फुंकर मारली तरी शिट्टी वाजते. आमच्या वेळी गोव्याचे गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकरांना बघायला आम्ही सायकलवरून जायचो. गर्दीत घुसून चेंडू काढायचे, आणि रेफ्रीकडे तोंड करून ओरडताना मी तरी त्यांना पाहिलेलं नाही.

पेठेतला किपर
फुंकर? माझ्या उजव्या हाताची दोन बोटं आजही सरळ होत नाहीत. सेमीफायनल होती, पाऊस, गुडघाभर चिखल. दोन्ही हात वर असताना बरगड्या उघड्या असतात. समोरच्याने कोपर घातलं, मी पडलो, हातावर बूट पडला. रेफ्रीने गोल दिला. आमच्याच तालमीतल्या लोकांनी वर मला विचारलं, "चेंडू का सोडलास?" घरी आईने महिनाभर भरवलं. तेव्हा हात 'जरासा लागला' असं मला सांगू नका.

मडगावची हवा
तुमच्या बोटांचं वाईट वाटतं, मनापासून. पण म्हणून कॅम्पबेलचा गोल खोटा ठरत नाही. मी स्ट्रायकर होतो. माझेही दोन दात गेलेत किपरच्या मुठीने, त्याला तर कार्डसुद्धा मिळालं नाही. किपर गुडघा पुढे करून उडी मारतो तेव्हा नियम कुठे जातो?

पेठेतला किपर
गुडघा पुढे केला नाही तर जीव जाईल आमचा. एक मॅच गोलमध्ये उभे राहा, मग बोला.

मडगावची हवा
आणि तुम्ही एक मॅच तो गुडघा पोटात घ्या.

पेनल्टीस्पॉट
दोघांनाही विनंती, धागा बाइयाचा आहे.

पेठेतला किपर
बाइया काय टेबलटेनिस खेळत होता का? किपरचाच विषय चाललाय.

दोरूच्या काठी
मी नऊ वर्षं पोर्तोत राहते. २००४ला इथे नव्हते, पण आमच्या खालच्या कॅफेतल्या आजोबांसमोर 'स्कोलारी' म्हणून बघा, कॉफी थंड होईपर्यंत सुटका नाही. त्यांच्या मते हा उत्तरेतलं पोर्तो विरुद्ध राजधानी लिस्बन असा मामला. ते मला पूर्ण पटत नाही, कारण पहिल्या पराभवानंतर स्कोलारींनी पोर्तोच्याच रिकार्दो कार्वाल्यो आणि देकोला सुरुवातीपासून खेळवलं. नुनो व्हालेंत, कोस्तिन्या, मानिशही पोर्तोचेच. पोर्तोवर राग असता तर इतके घेतले असते का?

पेनल्टीस्पॉट
ताई, तुम्ही माझंच म्हणणं पक्कं केलंत. पुढची अर्धी टीम पोर्तोची, वर्षभर ज्याच्या हाकेवर खेळली तो किपर तेवढा नको! पोर्तोचे तेव्हाचे कोच मोरिन्योंशीही बाइयाचं २००२ला जोरदार वाजलं होतं, क्लबने त्याला काही काळ बाहेर ठेवलं होतं. पण मोरिन्योंनी परत घेतलं आणि दोन युरोपियन कप जिंकले.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. मी कॉलेजात असताना जिल्ह्याच्या निवडचाचणीत दोन दिवस एकही गोल खाल्ला नव्हता. यादी लागली, नाव नाही. विचारायला गेलो तर "कोचच्या डोक्यात दुसरं आहे" एवढंच उत्तर. पंचवीस वर्षं झाली. काय होतं त्या डोक्यात, मला अजून कळलेलं नाही.

सिंहगडरोड
तुमच्यावर अन्याय झाला असेल, पण त्याचा हिशेब रिकार्दोच्या खात्यात का? त्याने कोणाची जागा चोरली नाही. २००१ला बोआविश्ताला लीग जिंकून दिली, ती काय वशिल्याने? २००६च्या वर्ल्ड कपला पुन्हा इंग्लंड, टायब्रेकरमध्ये लॅम्पार्ड, जेरार्ड, कॅरॅगर, तिघांच्या पेनल्टी अडवल्या. वर्ल्ड कपच्या टायब्रेकरमध्ये तीन अडवणारा तो पहिला. मॅच कुठे होती? गेल्झेनकिर्शेनला. दोन वर्षांपूर्वी बाइयाने चॅम्पियन्स लीग उचलली तेच मैदान.

पेनल्टीस्पॉट
मैदानाचं लक्षात आलं नव्हतं. ठीक आहे, २००६बद्दल मी भांडत नाही. तेव्हा बाइया छत्तीसचा होता, पोर्तोतही त्याची जागा गेली होती, आणि त्या दिवशी रिकार्दोच हवा होता. पण २००८च्या युरोत बाझेलमध्ये जर्मनीच्या क्लोझं आणि बालाकने फ्रीकिकवर हेडर मारले, तेव्हाही रिकार्दो गोलपासून हललाय की नाही कळेना. हवेतल्या चेंडूचं याचं दुखणं २००४पासूनचं. टायब्रेकरसाठी रिकार्दो, नव्वद मिनिटांसाठी बाइया, एवढं तरी कबूल करा.

सिंहगडरोड
'संपला' हा शब्द मागे घेतो. दहा लीग जिंकणाऱ्याला तो शोभत नाही. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

पेठेतला किपर
बालाकने त्या गोलच्या आधी पोर्तुगालच्या फेरेराला ढकललं होतं. नीट बघा. शिट्टी वाजली नाही.

मडगावची हवा
फेरेरा किपर नव्हता, म्हणून वाजली नाही.